गंजावर मात करणारा टॉम रोल्ट

यंत्रं शोधणाऱ्यांची नावं आपल्याला पाठ असतात. जेम्स वॅट, जॉर्ज स्टीफन्सन, रुडॉल्फ डिझेल. व्हायवाला विचारलं तर झोपेतही सांगू. पण यंत्र टिकवणाऱ्या एका तरी माणसाचं नाव सांगा म्हटलं तर? मेसच्या टेबलावर मी हा प्रश्न टाकून बघितला. बराच वेळ कोणी बोललं नाही, मग एकीने आपल्या वर्कशॉपमधल्या मामांचं नाव घेतलं. सगळे हसले. मला मात्र ते उत्तर बरोबर वाटलं. आपल्या कॉलेजमधले जुने लेथ अजून चालतात ते आपल्या जर्नलमुळे नव्हे, मामांच्या तेलाच्या डबीमुळे.

असाच एक माणूस इंग्लंडात होऊन गेला. पूर्ण नाव लायोनेल थॉमस कॅसवॉल रोल्ट. पुस्तकांवर एल. टी. सी. रोल्ट आणि मित्रांसाठी नुसता टॉम. जन्म ११ फेब्रुवारी १९१०, चेस्टर गावी. मृत्यू ९ मे १९७४. ब्रिटनमध्ये रेल्वे, कालवे आणि जुन्या गाड्या यांचा नाद असलेल्या कोणालाही हे नाव माहीत असतं. आपल्याकडे माहीत नसलं तरी त्याने वाचवलेली इंजिनं आपल्यापैकी बऱ्याच जणांनी लहानपणी पाहिलेली आहेत. कशी, ते पुढे सांगते.

रोल्टच्या वडिलांचं आयुष्यच एक कादंबरी होती. ऑस्ट्रेलियात गुरांच्या मोठ्या फार्मवर काम, मग भारतात मळ्यावर नोकरी, मग १८९८ मध्ये कॅनडातल्या क्लोंडाइकला सोनं शोधायला. सोनं काही मिळालं नाही. शेवटी ते मायदेशी येऊन स्थिर झाले. १९२० च्या सुमारास त्यांनी पैसा गुंतवलेली कंपनी बुडाली आणि बरीचशी पुंजी गेली. घर बदललं. ग्लॉस्टरशायरमधल्या स्टॅन्ली पॉन्टलार्ज नावाच्या इवल्याशा गावात दगडी घरात हे कुटुंब राहायला आलं. टॉम तेव्हा दहा वर्षांचा होता.

शिक्षण चेल्टनहॅम कॉलेजमध्ये. नाव कॉलेज असलं तरी ती मोठ्या घरच्या मुलांची शाळा. टॉमचा जीव तिथे रमला नाही आणि सोळाव्या वर्षी त्याने ती सोडली. आपल्याकडे दहावीनंतर सायन्स की डिप्लोमा हा प्रश्न पडतो त्या वयात तो वाफेच्या इंजिनांनी शेताची नांगरट करणाऱ्या लोकांकडे काम शिकायला गेला. शेताच्या दोन टोकांना दोन इंजिनं उभी करायची आणि मधला नांगर जाड तारेच्या दोराने इकडून तिकडे ओढायचा, अशी ती पद्धत होती. तिथून तो स्टोक-ऑन-ट्रेंटला केर स्टुअर्ट या इंजिनांच्या कारखान्यात उमेदवारीला लागला. त्याचे काका काइर्ल विलन्स तिथे विकास विभागाचे मुख्य अभियंता होते.

इथे थांबून एक गोष्ट सांगावीशी वाटते. आपण पहिल्या वर्षाला वर्कशॉप प्रॅक्टिसमध्ये एक फिटिंग जॉब करतो. घासून घासून हाताला फोड येतात आणि जॉब सबमिट झाला की कानस पुन्हा आयुष्यात हातात धरायची नाही अशी शपथ घेतो. रोल्टची उमेदवारी म्हणजे हेच काम, पण वर्षानुवर्षं. फाउंड्री, मशीन शॉप, फिटिंग, इरेक्टिंग शॉप असं फिरत फिरत त्याने इंजिन कसं जन्माला येतं ते हाताने शिकलं. म्हातारपणी लिहिलेल्या आत्मचरित्राच्या पहिल्या भागात, जो १९७१ मध्ये आला, त्याने या दिवसांबद्दल खूप आपुलकीने लिहिलं आहे.

आणि मग १९३० मध्ये केर स्टुअर्ट बुडाली. जगभर मंदी, शेकडो कुशल कामगार रस्त्यावर आणि आपला विशीतला टॉम हातात उमेदवारीचा अनुभव घेऊन बेकार! प्लेसमेंट सीझनमध्ये कंपनी आलीच नाही तर काय होतं याची कल्पना आपल्याला आहे. इथे तर ज्या धंद्याचं शिक्षण घेतलं तो धंदाच आटत चालला होता. रस्त्यावर लॉऱ्या आल्या होत्या, रुळांवर डिझेल येऊ घातलं होतं.

या काळात तो मोटारींकडे वळला. हॅम्पशायरमधल्या हार्टली विंटनी गावात भागीदारीत गॅरेज घेतलं. जुन्या मोटारी दुरुस्त करायच्या आणि पळवायच्या. १९३४ मध्ये त्याने आणि मित्रांनी मिळून जुन्या स्पोर्ट्स मोटारींचा क्लब काढला, तो आजही चालू आहे. १९२४ सालची एक आल्विस गाडी त्याने तेव्हा घेतली आणि मरेपर्यंत सोडली नाही. मला वाटतं, टिकवायचं म्हणजे कपाटात ठेवायचं नाही, चालवायचं, हे त्याचं तत्त्व इथूनच सुरू झालं.

याच काकांमुळे त्याच्या आयुष्यात एक बोट आली होती. तिचं नाव क्रेसी. इंग्लंडच्या कालव्यांतून माल नेणारी, घोड्याने ओढायची, लांबलचक पण जेमतेम सात फूट रुंदीची लाकडी बोट. काकांनी तिच्यात आधी वाफेचं इंजिन बसवलं. बोगद्यात शिरलं की धुराने समोरचं काही दिसेना, म्हणून ते काढून फोर्डच्या टी मॉडेल मोटारीचं इंजिन घातलं! पुढे ही बोट टॉमकडे आली. १९३९ मध्ये त्याने अँजेला नावाच्या मुलीशी लग्न केलं, बॅनबरीच्या टूलीच्या बोटयार्डात क्रेसीचं घर करून घेतलं आणि दोघं जुलैमध्ये कालव्यातून प्रवासाला निघाली. दोन महिन्यांत दुसरं महायुद्ध सुरू झालं.

युद्धात काही काळ तो रोल्स रॉइसच्या क्रू इथल्या कारखान्यात होता. तिथे विमानांची मर्लिन इंजिनं बनत होती. तिथली असेंब्ली लाइन त्याला सहन झाली नाही. मग एका खेड्यातल्या फाउंड्रीत काम आणि त्यानंतर सरकारी पुरवठा खात्यात नोकरी. ही नोकरी करताना त्याची बोट टार्डेबिग इथे बांधलेली होती. तिथे कालव्याला ओळीने तीस लॉक आहेत, म्हणजे पाण्याचा जिनाच. बोटीत राहून, दिवसा नोकरी करून त्याने त्या प्रवासावर पुस्तक पुरं केलं. अनेक प्रकाशकांनी नाकारलेलं 'नॅरो बोट' अखेर १९४४ च्या डिसेंबरमध्ये छापलं गेलं आणि युद्धाने थकलेल्या लोकांनी ते उचलून धरलं. त्यातूनच १९४६ मध्ये रॉबर्ट आयकमन यांच्याबरोबर त्याने कालवे वाचवण्यासाठी इनलँड वॉटरवेज असोसिएशन काढली.

आता आपल्या मुख्य विषयाकडे, म्हणजे रेल्वेकडे येते.

वेल्सच्या समुद्रकिनाऱ्यावर टविन नावाचं गाव आहे. (वेल्श नावांचे उच्चार मराठीत लिहिणं हा एक वेगळा पेपर आहे, तेव्हा वाचकांनी सांभाळून घ्यावं.) तिथून डोंगरात सव्वासात मैल जाणारी टॅलिलिन रेल्वे १८६५ मध्ये सुरू झाली. ब्रिन एग्लुइस खाणीतून पाटीच्या दगडाच्या फरश्या खाली आणायच्या हे तिचं काम. गेज २ फूट ३ इंच, म्हणजे ६८६ मिलिमीटर. आपल्या माथेरानच्या गाडीपेक्षा फक्त तीन इंच जास्त. इंजिनं दोनच. पहिलं १८६४ चं 'टॅलिलिन' आणि दुसरं १८६६ चं 'डॉल्गॉख', दोन्ही व्हाइटहेवनच्या फ्लेचर जेनिंग्ज कारखान्यातली. या दोन इंजिनांनी ही रेल्वे ऐंशी वर्षांहून जास्त चालवली!

१९११ मध्ये खाण आणि रेल्वे दोन्ही तिथले खासदार हेन्री हेडन जोन्स यांनी विकत घेतली. १९४६ च्या नाताळात खाणीचा भाग कोसळला आणि खाण बंद पडली. माल गेला, उरले उन्हाळ्यातले थोडे पर्यटक. तरी सर हेडन यांनी आपण जिवंत आहोत तोवर गाडी चालेल असा शब्द दिला आणि तोट्यात तो पाळला. १९४८ मध्ये ब्रिटनच्या रेल्वे सरकारजमा झाल्या तेव्हा त्या यादीत टॅलिलिन नव्हती. म्हणजे सरकारचा पैसाही नाही आणि सरकारचा कुलूप लावायचा हुकूमही नाही. २ जुलै १९५० रोजी सर हेडन वारले. दिलेल्या शब्दाची मुदत तिथे संपली. आता रूळ उखडून भंगारात विकणं एवढाच हिशेबाचा मार्ग दिसत होता.

रोल्टने आधीच, १९४९ मध्ये, बर्मिंगहॅमच्या एका वर्तमानपत्राला पत्र लिहून ही रेल्वे लोकांनी मिळून वाचवावी असं सुचवलं होतं. सर हेडन यांच्या मृत्यूनंतर घाई करणं भाग होतं. ११ ऑक्टोबर १९५० ला बर्मिंगहॅमच्या इंपीरियल हॉटेलात सभा बोलावली. सत्तरेक माणसं आली. अध्यक्ष होते रोल्टचे बॅनबरीचे मित्र बिल ट्रिंडर. तिथे ठरलं की संस्था काढायची आणि रेल्वे आपण चालवायची. लेडी हेडन जोन्स यांनी मोठं मन दाखवून मालकी सोडायची तयारी दाखवली आणि १९५१ च्या फेब्रुवारीत रेल्वेचा ताबा मिळाला. स्वयंसेवकांनी ताब्यात घेऊन वाचवलेली ही जगातली पहिली रेल्वे.

ताबा मिळाला, पण कशाचा? जरा यादी करू. पहिलं इंजिन 'टॅलिलिन' १९४५ पासून बंद, बॉयलर निकामी. दुसरं 'डॉल्गॉख' कसंबसं चालणारं, वय ८५ वर्षं. स्लीपर कुजलेले. रूळ झिजलेले आणि गवतात इतके बुडालेले की गवतानेच ते जागेवर धरून ठेवलेत असं वाटावं. आणि या सगळ्यावरून जिवंत माणसांना तिकीट घेऊन न्यायचं होतं! रोल्ट या रेल्वेचा पहिला जनरल मॅनेजर झाला. मोठं पद आहे असं वाटेल, पण तिकीट खिडकीपासून रूळ दुरुस्तीपर्यंत सगळीकडे तोच. त्याचा मित्र डेव्हिड कर्वेन इंजिनांचं बघायला आला. १४ मे १९५१ ला 'डॉल्गॉख'ने नव्या मालकांची पहिली गाडी टविनहून ऱ्हिडरोनेनपर्यंत ओढली.

एका इंजिनावर मोसम काढणं म्हणजे एका शर्टावर सेमिस्टर काढण्यासारखं. धुवायला टाकला की बाहेर जाता येत नाही. वाफेचं इंजिन तर रोज धुवावंच लागतं. ज्यांना ते फक्त सिनेमात दिसतं त्यांच्यासाठी थोडं सविस्तर सांगते.

डिझेल इंजिनाला स्टार्टर मारला की झालं. वाफेच्या इंजिनाला सकाळी गाडी सुटायच्या तीन-चार तास आधी उठवावं लागतं. आधी बॉयलरमधलं पाणी बघायचं, कालची राख आणि काजळी काढायची, मग आग पेटवायची. आग हळूहळूच वाढवायची. का? कारण बॉयलर म्हणजे वेगवेगळ्या जाडीचे पत्रे, नळ्या आणि स्टे बोल्ट यांची जोडणी. सगळे भाग एकाच वेगाने तापत नाहीत. घाई केली तर कमी-जास्त प्रसरणाने जोड गळू लागतात. थर्मल स्ट्रेसचा जो चॅप्टर आपण ऑप्शनला टाकतो, तो इथे रोज पहाटे समोर उभा असतो. बॉयलर तापतो आहे तोवर एकेका बेअरिंगला, क्रॉसहेडला तेल घालत खाली-वर फिरायचं. हात लावून बघायचं, कान देऊन ऐकायचं.

दुसरा शत्रू पाणी. पाण्यातले क्षार आत साचतात, त्याचा थर उष्णता अडवतो आणि फायरबॉक्सचा पत्रा गरजेपेक्षा जास्त तापतो. म्हणून ठरावीक दिवसांनी बॉयलर थंड करून, प्लग काढून, पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने आतून धुवायचा. फायरबॉक्सच्या वरच्या पत्र्यावर पाणी कमी पडलं तर काय होईल? पत्रा मऊ होऊन आत बसेल आणि दाबाखालचं सगळं पाणी एका क्षणात वाफ होईल. साध्या हवेच्या दाबाला १ लिटर पाण्याची साधारण १,६०० लिटर वाफ होते, त्यावरून अंदाज करा. त्यासाठी त्या पत्र्यात शिशाचा प्लग बसवतात. पाणी कमी झालं की शिसं वितळतं, वाफ आगीवर येते आणि फायरमनला धोका कळतो. दुरुस्तीनंतर बॉयलरची चाचणी आधी पाण्याने दाब देऊन करतात, कारण पाणी दाबलं जात नाही, त्यात ऊर्जा साठत नाही, फुटलंच तर स्फोट होत नाही. आणि वर्षं उलटली की बॉयलर चौकटीवरून उचलून नळ्या बदलायच्या, स्टे तपासायचे, पत्र्याची जाडी मोजायची. ब्रिटनमधल्या पर्यटन रेल्वेवर साधारण दहा वर्षांनी हे मोठं काम येतं.

रोल्टने वाचवणं म्हणजे काय हे इथे दाखवून दिलं. पैसे गोळा करून फलक लावला की काम झालं असं नाही. काम त्याच दिवशी सुरू होतं आणि ते कधीच संपत नाही.

दुसरं इंजिन आणायचं कुठून? गेज २ फूट ३ इंच, ब्रिटनमध्ये जवळजवळ कुठेच नसलेलं. नशिबाने शेजारची कॉरिस रेल्वे याच गेजची होती. ती १९४८ मध्ये बंद पडली होती आणि तिची दोन इंजिनं सरकारी रेल्वेच्या यार्डात पडून होती. संस्थेने ती प्रत्येकी २५ पौंडांना घेतली. त्यांतलं एक १८७८ चं, त्याला 'सर हेडन' नाव दिलं. पण ते रुळावर घातलं की घसरे! कारण साधं आणि शिकण्यासारखं आहे. टॅलिलिनचे रूळ झिजून, स्लीपर सैल होऊन एकमेकांपासून लांब गेले होते. या इंजिनाच्या चाकांची धाव अरुंद होती, त्यामुळे ते दोन रुळांच्या मध्ये उतरायचं. 'डॉल्गॉख'ची चाकं रुंद, म्हणून त्याला चालायचं. दोष इंजिनाचा नव्हता, लाइनचा होता. म्हणजे नवं इंजिन वापरायला आधी लाइन बदलायला हवी होती. इंजिनाचा फोटो सगळे काढतात, स्लीपर बदलणाऱ्याचा कोणी काढत नाही. पण पुढची कित्येक वर्षं शनिवार-रविवारी कारकून, शिक्षक, विद्यार्थी येऊन इथे खडी टाकत आणि स्लीपर ओढत राहिले.

दुसऱ्या इंजिनाची गोष्ट मला सगळ्यात आवडते. ते १९२१ सालचं, बनवणारा कारखाना केर स्टुअर्ट, स्टोक-ऑन-ट्रेंट! जिथे टॉमने उमेदवारी केली, जो त्याच्या डोळ्यांदेखत बुडाला, त्याच कारखान्याचं अपत्य वीस वर्षांनी त्याच्या दारात येऊन उभं राहिलं. त्याला रेल्वेच्या जुन्या मॅनेजरचं नाव दिलं, 'एडवर्ड थॉमस'. दुरुस्तीला पैसे नव्हते. लीड्सच्या हन्स्लेट इंजिन कंपनीचे जॉन ऑलकॉक हे संस्थेचे सभासद होते. केर स्टुअर्ट बुडाल्यावर तिची डिझाइनं हन्स्लेटकडेच गेली होती. त्यांनी हे इंजिन कारखान्यात नेऊन फुकट दुरुस्त करून दिलं. १९५२ मध्ये ते कामाला लागलं आणि 'डॉल्गॉख'च्या पाठीवरचं ओझं हलकं झालं.

हे वाचताना सगळं छान घडत गेलं असं वाटेल. तसं नव्हतं. १९५१ हे वर्ष रोल्टसाठी फार कठीण गेलं. आयकमन यांच्याशी टोकाचे मतभेद होऊन, स्वतः स्थापन केलेल्या कालव्यांच्या संस्थेतून त्याला बाहेर काढण्यात आलं. क्रेसीवरचं आयुष्य संपलं. अँजेला वेगळ्या वाटेने निघून गेली. एकेचाळीस वर्षांचा माणूस, घर नाही, संसार नाही, नोकरी म्हणावी अशी नाही आणि समोर कुजलेले स्लीपर. या वर्षी त्याने रेल्वे सोडली असती तर कोणी दोष दिला नसता. त्याने दोन मोसम मॅनेजर म्हणून काढले आणि रेल्वे स्वतःच्या पायावर उभी राहायला लागल्यावरच दुसऱ्यांच्या हाती दिली.

मग तो स्टॅन्ली पॉन्टलार्जच्या घरी परतला आणि लिहिण्यावर जगू लागला. दुसरी पत्नी सोनिया ही पूर्वी नटी होती, नंतर युद्धकाळात कालव्यांवर मालाची बोट चालवायला गेलेली. त्यांना दोन मुलगे झाले. १९५३ मध्ये टॅलिलिनवरचं पुस्तक आलं, १९५५ मध्ये रेल्वे अपघातांच्या इतिहासावरचं, १९५७ मध्ये ब्रुनेलचं चरित्र, मग टेल्फर्डचं, मग स्टीफन्सन बापलेकांचं. अपघातांवरचं पुस्तक आपण सगळ्यांनी वाचावं असं आहे. सिग्नल, ब्रेक, डब्याची रचना यांतला प्रत्येक नियम कोणत्या अपघातानंतर आला हे त्यात कळतं.

आता सुरुवातीचं कोडं. १९५२ मध्ये विल्बर्ट ऑड्री नावाचे एक पाद्री टॅलिलिनवर स्वयंसेवक म्हणून कामाला आले. हेच थॉमस द टँक इंजिनचे लेखक. त्यांनी इथल्या इंजिनांवरून आपल्या गोष्टींत नवी रेल्वे घातली. त्यांचा स्कारलोई म्हणजे आपला 'टॅलिलिन', ऱ्हेनियास म्हणजे 'डॉल्गॉख', सर हँडल म्हणजे 'सर हेडन' आणि पीटर सॅम म्हणजे 'एडवर्ड थॉमस'. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. लायब्ररीच्या तासाला ही पुस्तकं आमच्या हाती असायची. ती इंजिनं खरी आहेत आणि कोणीतरी हाताला काळं लावून ती वाचवली आहेत, हे मात्र मला मेकॅनिकलला आल्यावर कळलं.

एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो विचार करण्यासारखा आहे. बॉयलर नवा, नळ्या नव्या, चाकांच्या धावा नव्या, मग १८६६ चं काय उरलं? याला जुनं इंजिन म्हणायचं कशाला? मला वाटतं, कोकणातल्या जुन्या घराकडे बघावं. कौलं दर पावसाआधी परतायची, फुटकी बदलायची, वासे वाळवीने खाल्ले की नवे घालायचे. तरी ते पणजोबांचंच घर असतं, कारण ते कधी रिकामं पडलं नाही. हात न लावलेलं घर मात्र दहा पावसाळ्यांत चौथऱ्यावर येतं. अर्थात एक किंमत मोजावी लागते. चालवलं की झिजतं आणि बदललेला प्रत्येक भाग जुन्याची एक खूण पुसतो. म्हणून काही इंजिनं न पेटवता संग्रहालयात ठेवणंही बरोबर आहे. पण सगळीच तशी ठेवली, तर आग कशी पेटवायची, स्टे कसा बसवायचा, रिव्हेट कसा मारायचा हे ज्ञान त्यांच्याबरोबर काचेत बंद होईल. ते ज्ञान पुस्तकात मावत नाही. ते एका हातातून दुसऱ्या हातात जातं. मधली एक पिढी गाळली की संपलं.

रोल्टचा शेवटही या विचाराला धरूनच झाला. जुन्या कारखान्यांचा आणि यंत्रांचा अभ्यास करणारी राष्ट्रीय संस्था १९७३ मध्ये निघाली, तिचा तो पहिला अध्यक्ष. पुढच्याच वर्षी तो गेला. १९७६ मध्ये टॅलिलिनची प्रवासी गाडी जुन्या खाणीच्या दिशेने नांट ग्वेर्नोलपर्यंत पुढे गेली, ते बघायला तो नव्हता. पण त्याचं नाव रुळावर आहे. आयर्लंडमध्ये पीट नावाचं मातीसारखं इंधन वाहायला १९४९ मध्ये बनवलेलं एक इंजिन संस्थेने घेऊन ठेवलं होतं. त्याचे भाग वापरून पेंड्रेच्या स्वतःच्या वर्कशॉपमध्ये एक जवळजवळ नवंच इंजिन बांधलं. काम मध्ये रखडलं, पुन्हा सुरू झालं आणि १९९१ मध्ये ते धावलं. नाव 'टॉम रोल्ट'. पुतळ्यापेक्षा हे स्मारक मला जास्त शोभून दिसतं, कारण त्यालाही दर काही दिवसांनी धुवावं लागतं. २०२१ मध्ये युनेस्कोने वेल्सच्या पाटीच्या दगडाचा जो प्रदेश जागतिक वारसा ठरवला, त्यात ही रेल्वेही आहे.

आणि आपलं काय? १९०७ मध्ये आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने नेरळहून माथेरानची लाइन सुरू केली. तिची चार वाफेची इंजिनं जर्मनीहून आली होती. १९८० च्या दशकात ती कामातून गेली, डिझेल आलं. त्यांतलं एक तर चक्क ब्रिटनमध्ये जाऊन पोचलं. २०१९ च्या पावसाने लाइन वाहून गेली, ती २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाली. ती पुन्हा बांधणाऱ्या गँगमनची नावं आपल्याला माहीत नाहीत. दार्जिलिंगला तिनधारियाच्या वर्कशॉपमध्ये शंभरी पार केलेल्या इंजिनांची कामं झाली आहेत. निलगिरीसाठी तिरुचिरापल्लीच्या गोल्डन रॉक वर्कशॉपने एकविसाव्या शतकात नवी वाफेची इंजिनं बांधली. म्हणजे हे ज्ञान आपल्याकडेही आहे, पण ते ज्यांच्या हातात आहे ते निवृत्त होत चालले आहेत.

मी काही सगळ्यांनी पॅकेज सोडून वाफेची इंजिनं दुरुस्त करायला जा असं म्हणत नाही. मलाही नोकरी हवी आहे, शिक्षणाचं कर्ज फेडायचं आहे. पण रोल्टबद्दल वाचल्यापासून मेंटेनन्स हा शब्द मला दुय्यम वाटत नाही. आपण डिझाइनला बुद्धीचं काम म्हणतो आणि दुरुस्तीला हाताचं. रोल्टने आयुष्यभर हे दोन्ही एकाच माणसात असू शकतं हे दाखवलं. त्याच्याकडे पदवी नव्हती. होती ती उमेदवारी, लेखणी आणि बंद पडत चाललेल्या गोष्टीपाशी थांबून तिचं पुढे काय करता येईल हे विचारायची सवय.

लायब्ररीत रोल्टची पुस्तकं मागवावीत अशी मी या लेखातून ग्रंथपाल सरांना विनंती करते. आणि एक काम आपल्या हातातलं आहे. वर्कशॉपचे मामा पुढच्या वर्षी निवृत्त होणार आहेत. त्या लेथच्या खडखडीवरून कुठलं बेअरिंग गेलंय हे त्यांना कसं कळतं, ते त्यांच्याकडून शिकून घ्यायला आपल्याजवळ अजून दोन सेमिस्टर आहेत.

– तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी